खुशालरावांचा जड कोठा

बसा बसा, खुशालराव, उठू नोका—झुंजूमुंजू असताना एरंडेल पाजलं, आता कुठं ऊन ओट्यावर आलं, वेळ लागतेच. कितीक दिवसाचं ढेकूळ ते, एका वाटीनं लगेच कसं फुटेल? मले कोणं शिकवलं म्हणता? कोणीच नाही. ही मनकर्णाबाई शाळेची पायरी नाही चढली, बायकायची पोटं चाचपून शिकली. ऐका. आपल्या रानातला चिखल कसा—ओला हाये तवर सरकते, उन्हात पडला का दगड. पोटातलं बी तसंच. वेळेवर सोडलं नाही, का आतडं त्यातलं पाणी पिऊन घेते. सरपंच झाले अन् तुमची ज्वारीची भाकर सुटली, अंबाडीची भाजी सुटली—चपाती, चहा अन् लोडाले टेकून बैठक. पायी चालणं नाही, शेतात जायचं तरी दमणीले बैल जुंपा! बरं, हे तर काहीच नाही. सगळ्यात वाईट काय, सांगा? आलेली कळ दाबणं. कळ म्हणजे पाहुणा—दारातून वापस धाडला का मंग बोलावून बी येत नाही.

मंग नाल्याकाठच्या बायकायच्या बाभळी काहून तोडल्या तुमी?

खाली नोका पाहू, माह्याकडं पाहा. गाव वसलं तवापासूनची ती बायकायची जागा—आडोसा होता, मोकळं व्हायले अन् दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलायले. तुमी नांगर घातला, कपाशीची पऱ्हाटी पेरली, अन् वरतून राखणदार बसवला—तो बुधाजी, पहाटे कंदील घेऊन फिरते मेला! आता बायका अंधार पडल्यावर जातात, पार दर्यापूरच्या सडकेले. मोटारीचा उजेड आला का उभ्या राहातात. पुन्हा बसतात. पुन्हा उभ्या. माही सून ललिता—पोटुशी हाये, माहीत हाये ना तुमाले?—दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. अर्धी भाकर खाते अन् 'भूक नाही, आत्याबाई' म्हणते. खोटारडी! सडकेले बसली का कुंथून रक्त पडते तिले, तोंडात पदर कोंबून रडते. मी ओरडते, पाणी पी वं, पाणी पी—अन् माहा सोताचा गडवा सकाळी भरलेला, तो दिवे लागेस्तोर तसाच... जाऊ द्या. माहं काय इचारता? म्हातारं हाड हाये. लोकायले औषध सांगणारी मी, मले काय होते?

काय झालं? गुरगुरलं? पाहा, गुण आला! उठले काहून पण? माह्या घरी सोय नाही. सोय गावात एकाच घरी—तुमच्या. अन् तुमचं घर त्या टोकाले, मधात चावडी, शाळा, अन् आज बाजार भरून राहिला. पऱ्हाटीत जाता? जा ना! हातभर पऱ्हाटी, त्यात ससा लपत नाही, अन् सकाळपासून बाया निंदून राहिल्या तिथं. सांगतील तुमाले—या सरपंच, बसा.

हो म्हणता? नाला सोडतो म्हणता, राखणदार काढतो म्हणता? आता तर तुमी माह्या म्हशीले बी बाप म्हणाल. कळेनं म्हणलेलं हो मले नाही पाहिजे. पोट शांत झालं का सांजच्याले चावडीत म्हणा, साऱ्यायसमोर, बायकायले बोलावून.

तवर धरून ठेवा, खुशालराव. आमी धरतोच की.

अन् पहिले ओट्याखाली उतरा. कालच सारवला हाये मी.