भोंग्यातला आवाज

भोंग्याचा विषय निघालाच आहे, तर माझंही ऐका. परदेशातून डॉक्टरी शिकून परतले त्याच वर्षी आम्ही नरखेड तालुक्यातल्या एका गावी, शाळेत, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. बायकांपर्यंत माहितीच पोचत नाही, असं मला तेव्हा ठाम वाटायचं. म्हणून मी स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग केलं आणि ऑटोवर भोंगा बांधून शाळेसमोर उभा केला. "अंगावरून पांढरं जातं? मधेच रक्त जातं? लाजू नका, आत या!"

दुपारपर्यंत चार जणी आल्या. गावच्या आशा सेविका म्हणाल्या, "मॅडम, तो भोंगा बंद करा ना."

मी म्हटलं, "उलट आवाज वाढवा."

पुढच्या वर्षी नागपुरात, दवाखान्यात, त्याच गावच्या शोभाताई भेटल्या. संत्र्याच्या बागेत मजुरीला जायच्या. कॅन्सर बराच पसरला होता.

"ताई, शिबिराला का नाही आलात?"

"आली होती ना बाई, शाळेच्या फाटकापर्यंत. भोंगा सुरू होता. समोर पारावर सासरा बसून होता, गावातले माणसं होते. आत गेली असती तं साऱ्यायले समजलं असतं, मले काय होऊन राहिलं ते. मंग म्हटलं, पुढच्या शिबिराले जाऊ."

शोभाताईंनी माझा हात धरला.

"तूच बोलून राहिली होती ना भोंग्यात? आत्ता आवाज ओळखला मी. गोड आहे वं पोरी. फक्त हळू बोलत जाय."