झाकणवाली शेगडी

...नाई, तुमीच सांगा ना, कापूसवाल्यानं हासू नये काय? बोंडअळीनं वावर खाल्लं, भाव पडला, खरं हाय, मी कुठं नाई म्हणतो? पण म्हणून काय माणसानं उठल्यापासून कपायाले हात लावून ओट्यावर बसावं? एक पेपरवाला पोट्टा शहरातून आलता गावात, फोटो काढत फिरे. मले म्हणे, "काका, जरा उदास बसता का? हात कपाळावर... हां." मी म्हटलं, हासतानाचा काढ. तं म्हणे, "तो छापत नाहीत."

तुमाले सांगतो, डोकंच फिरलं. त्यात माही पोरगी सलोनी, पुसदले दवाखान्यात नर्स हाय, तिचा फोन. "बाबा, घरी आलं का सारे रडकेच दिसते. मी नाई येत सुटीत." घ्या! मी म्हटलं, "ये तू. रविवारी आपल्या घरात जो रडंल त्याले जेवण नाई." तं तिले पायजे बार्बेक्यू. मैत्रिणीकडे खाल्लं म्हणे.

गेलतो मंग दारव्ह्याले, देवीलालच्या दुकानात. त्यानं आदी काय इचारलं असंल? "बापूजी, यंदा कापूस कसा?" अरे बावा, मी शेगडी घ्याले आलो, तू कापूस काहून काढून राह्यला? मंग माह्या तोंडाकडे पाहून काढलं पत्र्याचं एक डबडं, चार पाय, चारी एकमेकाशी भांडलेले. म्हणे, "तुमच्यासाठी हेच बरं." काहून? बाजूले ड्रमवाली होती, धुरावर सिजवाची, सकाळी ठेवा अन् संध्याकाळी खा... ते नाई जमत, आमच्या घरी भूक लवकर येते. अन् दोघीयच्या मधात ते गोल, काळी, झाकणवाली, खाली चाकं, नवरीवानी चमकून राह्यली होती. मी म्हटलं, हे दे. "एवढी भारी? अशा सालात?" अशाच सालात! कापूसवाल्यानं हासू नये काय?

देवीलाल म्हणे, "याले बाभयीचा कोळसा लागते, निखारा झाल्यावरच झाकण लावजा." मी म्हटलं, मले शिकवू नको. वावरात पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या झाडायचा, ढीग पडला हाय. त्या पऱ्हाटीनं मले वर्षभर रडवलं, आता तिलेच जाळतो अन् तिच्यावर कोंबडी भाजतो.

रविवारी सलोनी आली. आमच्या घरवालीनं, मैनाबाईनं, कोंबडीले मसाला लावला, वांगे धुतले. मी घरामांगं सांदवाडीत शेगडी मांडली, पऱ्हाटी पेटवली, हा जाळ झाला, अन् दिलं झाकण ठेवून. जाळ दबला, अन् धूर जो सुटला... शेजाऱ्याचं घर दिसेना. मैनाबाई वरडे, "अवो, काढा ते झाकण, पोरगी खोकलून राह्यली." काढलं. सारा धूर सीदा माह्या डोयात. एका हातात झाकण, दुसऱ्या हातानं कपायाचा घाम पुसून राह्यलो, डोयातून धारा, अन् कुंपणावरून तोच पेपरवाला पोट्टा, "काका, कापूस जाळताय का? निषेध?" अरे, कोंबडी हाय म्हणतो तं खोकल्यात शब्द निघंना. खटाक. काढला फोटो.

दुसऱ्या दिवशी पेपरात मी. हात कपायाले, डोयात पाणी, मांगं धूर. अन् त्याच फोटोत बाजूले सलोनी, हासून हासून पोट धरून खाली बसलेली, तिच्याखाली छापलं, 'लेकीचा आक्रोश'.

मंग काय, महागावचे पावणे आले, अर्धा गाव आला. "धीर धरा, बापूजी." मी म्हणतो, धूर होता. ते म्हणते, "हो हो, समजते आमाले," अन् स्वतःचेच डोये पुसते. किती लोकायले सांगू? शेवटी गुपचाप बाभयीचा कोळसा आणला, झाकण उशिरा लावलं, अन् एकेकाच्या ताटात वाढत गेलो. रडाले आलेले लोकं बोटं चाटून, हासत घरी गेले. म्हटलं, जमलं. कापूसवाला हासला, गावही हासलं. आता आपलं ताट घ्यावं.

तं सलोनीनं तो पेपर माह्यासमोर धरला. "बाबा, रडणाऱ्याले जेवण नाई. तुमीच म्हटलं होतं."

आता काय बोलता... छापून आलं ना.