बग आहे

कर्वेनगरच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक बाई उभी होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला तिचा नवरा धापा टाकत आला.

"शर्मिला, काय म्हणाल्या शाळेतल्या बाई? प्रियदर्शनीला नापास करतायत?"

"आधी श्वास घे, अभय. हसत होत्या."

"हसत? वजाबाकीचा अख्खा पेपर चुकला ना तिचा?"

"तक्ता होता. मशीनमध्ये नऊ टाकले, सहा बाहेर आले. बारा टाकले, नऊ आले. मशीन काय करतं, ते लिहायचं."

"तीन वजा करतं."

"हुशार आहेस. आपल्या प्रियदर्शनीने प्रत्येक ओळीपुढे लिहिलं, 'बग आहे.'"

"काय?"

"बाईंना वाटलं, मशीनमध्ये किडा शिरलाय. मी सांगितलं, तिचे बाबा रोज जेवणाच्या वेळी गॅलरीत उभे राहून फोनवर हेच ओरडतात."

"अगं, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, प्रोग्रॅममधल्या चुकीला बगच म्हणतात! मग आता?"

"बाईंनी तिला पिठाच्या गिरणीची आठवण करून दिली. दळण टाकलं की पीठ थोडं कमी येतं. गिरणी बिघडलेली नसते, घट येते. या मशीनची घट तीन. लगेच भरला तिने सगळा तक्ता."

"बरोबर?"

"सगळा."

"सुटलो बुवा!"

"थांब. खाली स्वतःचाही एक तक्ता केलाय तिने. घरात तीन, जेवायला दोन."

"म्हणजे?"

"पुढे लिहिलंय, 'घट एक. गॅलरीत.' अरे, फोन वाजतोय तुझा."

"वाजू दे. बस आली, चढ."