सातही फ्लॉप्या जुळल्या

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दुकानात माझ्यापुढे एक बहीणभाऊ रांगेत उभे होते.

"ताई, आपला नंबर यायच्या आत सांगून टाकतो. बाबांनी लिहून ठेवलेल्या आठवणींच्या फ्लॉप्या ओल लागून खराब झाल्या नव्हत्या."

"मग कशाने गेल्या?"

"माझ्यामुळे. कॉपी करताना मी उलटं केलं. कोरी फ्लॉपी बाबांच्या फ्लॉपीवर उतरवली."

"अरे, पण तू तर प्रत्येक कॉपी तपासत होतास!"

"तपासली ना. दर वेळी 'तंतोतंत जुळलं' असंच यायचं. जुळणारच, दोन्ही कोऱ्याच होत्या. सातही संपल्यावर उघडून बघितलं."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"बोलणारच होतो गं. तेवढ्यात आई म्हणाली, 'ओल आलेल्या कपाटात मीच ठेवल्या होत्या, म्हणून गेल्या.' मी नुसतं 'हो' म्हटलं."

"आणि मी तिला नाही नाही ते बोलले."

"म्हणून तर आज आणल्यात. काही परत मिळालं, तर मग आईला सांगेन म्हटलं."

"ते मी विचारते. तू आत्ता घरी जा. बाबांचा चष्मा पुसायचा असला, तरी आई अजून मला विचारते, 'हात लावू ना गं?'"