गुरूच्या चंद्रावरचं पाणी

२००३चा सप्टेंबर सरत आला तरी आणे गावातल्या विहिरीचा तळ दिसत होता. टँकर आला होता, पण पावतीवर सही करणारा ग्रामसेवक जागेवर नव्हता. ड्रायव्हर गोरख पाइप धुळीत टाकून कठड्याला टेकला. शेजारी हंड्यांच्या रांगेत बानूबाई आणि तिची कॉलेजातली नात प्रांजल बोलत होत्या.

"आज्जे, गुरूच्या एका चंद्रावर नुसता बर्फ हाये. पण त्याच्याखाली समुद्र असंल म्हनतात."

"आसंल की. आपल्या हिरीत न्हाई का साठ फुटांवर खडक फोडला तवा पानी लागलं? आन् पानी म्हनल्यावर त्यात कायतरी जीव आसनारच."

"तेच शोधायचंय. चौदा वर्षांमागं शास्त्रज्ञांनी एक यान गुरूकडं धाडलं व्हतं. परवा त्यांनी ते मुद्दाम गुरूवर पाडून जाळलं."

"आगं बया! चांगलं चालतं यान?"

"इंधन संपत आलं व्हतं. भरकटून त्या चंद्रावर पडलं असतं, तर आपल्याकडचे जंतू त्या पान्यात गेले असते."

"त्या पान्यातला जीव बघितलाय का कुनी?"

"अजून कुनीच न्हाई."

"न बघितलेल्या जिवापायी आपलं यान जाळलं?"

"हां."

"लई मोठ्या मनाची मानसं गं! हितं आमी वरडून मरतो, चपला घालून हिरीत उतरू नगा म्हनून."

तेवढ्यात ग्रामसेवक आला आणि सही करून गेला.

"आवं ड्रायव्हर, सोडा की पाइप हिरीत!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"थांबा वाईच."

गोरखने चपला काढून बाजूला ठेवल्या, पाइप उचलला आणि आपल्या प्यायच्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर ओतून ते धुवायला घेतलं.