गाणं तोडून दिलेला इशारा

...नाही नाही, खुर्ची नको, उभ्यानंच सांगतो, बसायच्या जागेवरच जास्त फटके पडलेत! तुम्हाला सांगतो, परमुलखात आपल्या भाषेतलं रेडिओ केंद्र चालवण्यापेक्षा माणसानं वाघाचे दात घासावेत. मार खाल्ला मी, मार! आणि तोही मातृभाषेत!

आमचं केंद्र म्हणजे काय, तर लाँड्रीच्या मागची खोली, एक माइक आणि मी. आठवडाभर वॉशिंग मशीन दुरुस्त करायची आणि रविवारी सकाळी तासभर बोलायचं. ऐकणारे समोरच्या इमारतीतले, सगळे आपलेच. बातम्या सांगाव्यात, इथले कायदे समजावावेत अशी माझी हौस... पण लोकांना काय हवं? वाढदिवस! ह्याच्या मेव्हणीला शुभेच्छा, तिच्या जावयाला शुभेच्छा, आणि एक नाव राहिलं की आलेच बाह्या सरसावून.

त्या रविवारी टायरवाल्याच्या आईची पंच्याहत्तरी. टायरवाला म्हणजे हा दांडगा, ट्रकचं चाक एकटा उचलतो. काकूंनी स्वतः गायलेलं गाणं त्यानं रेकॉर्ड करून दिलेलं, निम्मी इमारत त्यांच्या घरी जमून ऐकतेय, आणि दुसऱ्याच कडव्याला मला नगरपालिकेतून फोन! त्या इमारतीत गॅस गळतोय, माणसं बाहेर काढा, आमची गाडी मघापासून भोंग्यावर ओरडतेय पण कोणी हलत नाही. हलतील कसे? भोंगा इथल्या भाषेत! आमच्या लोकांना वाटलं, गाद्या विकतोय.

मग मी काय करणार? काकूंचा आवाज वर चढलेला, तिथंच तोडला आणि म्हटलं, मंडळी, गॅस गळतोय, जीव वाचवा, घराबाहेर पडा. घसा फाटेस्तोवर सांगितलं हो, मातृभाषेत! पण ऐकतो कोण? आईचं गाणं तोडलं म्हणून टायरवाल्यानं रेडिओ केव्हाच भिंतीवर आपटला होता, आणि बाकीच्यांना वाटलं, जाहिरात लागली.

दार उघडलं नाही, बिजागरीसकट आत आलं. टायरवाला पुढे, हातात चाक खोलायचा पाना... मी म्हणतोय गॅस, तो म्हणतोय आई, मी म्हणतोय स्फोट, तो म्हणतोय पंच्याहत्तरी! पहिला फटका खुर्चीनं झेलला, तिचे दोन तुकडे झाले. दुसरा बरगडीनं झेलला. मागून त्याचा मेव्हणा, मेव्हण्याचा साडू, आणि मागच्या आठवड्यात ज्यांचं नाव राहिलं होतं तेही आपापलं उरकून घेत होते. त्यात माइक चालूच! माझ्या किंकाळ्या घरोघरी पोचल्या. घरात राहिलेलेही म्हणाले, चला, आज कार्यक्रम रंगलाय, आणि पोरंबाळं कडेवर घेऊन बघायला आले. तोंडातून रक्त येईस्तोवर तुडवलं मला, आणि शिव्या काय एकेक... अस्सल मातृभाषेत!

शेवटी काकू आल्या. गुडघ्यांपायी वर्षभर जिना न उतरलेल्या काकू, काठी टेकत. लोकांनी वाट करून दिली. तुम्हाला सांगतो, पोराचे फटके परवडले.

त्यांनी माझी कॉलर धरून काठी उचलली, आणि समोरची इमारत उडाली. काचा आत आल्या, आम्ही सगळे जमिनीवर, कान बधिर. बाहेर बघतो तर वरचे दोन मजले नाहीतच, नुसता जाळ. टायरवाला आपली पोरं मोजायला लागला, मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून. सगळी होती. सगळ्यांचीच होती. इमारतीत चिटपाखरू नव्हतं, कारण अख्खी इमारत मला मारायला आली होती!

काकूंनी कॉलर सोडली नव्हती. म्हणाल्या, "हेच सांगत होतास का रे?"

म्हटलं, "हो, काकू."

"मग गाणं संपल्यावर सांगायचं होतंस."

घ्या!

काल दवाखान्यात नगरपालिकेचे साहेब आले. म्हणाले, आमच्या भोंग्याला जमलं नाही ते तुम्हाला कसं जमलं? म्हटलं, मातृभाषेची ताकद, साहेब. फार खूश झाले. आमची मंडळी सध्या नदीकाठच्या शाळेत ठेवलीयत, आणि नदीचं पाणी चढतंय, तर ह्या रविवारचा इशाराही तुम्हीच द्या म्हणाले. नाही कसं म्हणणार? आपलीच माणसं. काकूंकडून नवं गाणं मागवलंय, चांगलं पाच कडव्यांचं... दुसऱ्या कडव्याला तोडीन म्हणतो.