फोटोत होता तसाच चिमटा

नाही, मला एक सांगा... एखादी वस्तू खोलायच्या आधी माणसाने तिचा फोटो काढून ठेवावा की नाही? ठेवावा ना? म्हणजे परत जोडताना हा स्क्रू इकडचा की तिकडचा म्हणून डोकं खाजवत बसायला नको! मोबाइलवर दुरुस्तीचे व्हिडिओ टाकणारा तो दाढीवालासुद्धा हेच सांगतो, आणि मी तेच केलं. फोटो काढला. चांगल्या उजेडात, दोन्ही बाजूंनी. आणि चिमटा फोटोत होता तसाच बसवला हो मी! केसभर फरक नाही. आणि तरी आज तुमच्यासमोर हा असा बसलोय, गुडघ्याला पट्टी, कोपराला पट्टी, सकाळी एक गोळी आणि संध्याकाळी एक गोळी... गोळी कशावरची? तीच तर बोंब आहे, सांगतो.

चिमटा म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे, सायकलचा. पुढचं चाक ज्या दोन पायांच्या मध्ये धरलेलं असतं ना, तो. सायकल आमच्या बाबांची. बाबा शिंपी, मशीन बंद करून आता वर्षं झाली, पण सायकल बंद केली नाही. रोज सकाळी निघायचं, चार गल्ल्या सोडून त्यांचा एक मित्र अंथरुणाला खिळलेला आहे, त्याच्या उशाशी बसून बुद्धिबळाचा एक डाव खेळायचा, हरायचं, आणि चिडून घरी यायचं. मग दिवसभर तो घोडा तिथे नको होता, हत्ती आधी काढायला हवा होता, एवढंच. तो मित्र जगतोय ते जिंकण्यासाठी आणि बाबा जगतायत ते उद्या त्याला हरवण्यासाठी, असं आमची ताई म्हणते, आणि ते काही खोटं नाही.

तर ती सायकल फाटकाशी उभी होती, आणि मी गाडी मागे घेत होतो... आता असं बघू नका माझ्याकडे! आरशात दिसली नाही. म्हणजे, खरं सांगायचं तर, आरशात बघितलंच नाही, फोनवर बोलत होतो. खाडकन आवाज आला. उतरून बघतो तर चिमटा वाकून पार मागे, चाक फ्रेमला टेकलेलं. बाबा अंघोळीला गेलेले. आता सरळ माणसाने काय केलं असतं? बाबा, माझ्याकडून ठोकली, असं सांगितलं असतं. मी काय केलं? मी म्हटलं, बाबा, तुमच्या सायकलचा चिमटा फार जुना झालाय, धोका नको, मी स्वतः नवा बसवून देतो. त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! कारण आजवर मी त्यांच्यासाठी साधं बटणसुद्धा लावून दिलेलं नाही. टॉवेलने कान पुसता पुसता म्हणाले, तुझ्या लक्षात आलं हे? मी मान खाली घातली, ते समजले मी लाजलो.

आणि सायकलवाल्याकडे का नाही नेली म्हणाल, तर तो भर दुकानात विचारणार, कुणी ठोकली? म्हणून नवा चिमटा तेवढा दुसरीकडून विकत आणला, बसवायचा मात्र घरीच! चाक काढलं, ब्रेक काढला, मडगार्ड काढताना ते किंचाळलं, हँडलचा बोल्ट हलेना म्हणून हातोडी घातली, आणि हँडल असं काही सुटलं की आतले बारीक छर्रे सगळ्या खोलीभर, कपाटाखाली, चपलांत, आणि ग्रीस पडद्याला. बायको दारात येऊन शांतपणे म्हणाली, सायकल दुरुस्त होतेय की पडदा? मी फोन समोर टेकवून ठेवला होता आणि फोटो बघत होतो. नव्या चिमट्याचे दोन्ही पाय टोकाला जरासे वळलेले असतात, तो वळसा कुठल्या बाजूला घ्यायचा? फोटो बघितला, फोटोत पाय मागे. मीही मागे. ब्रेक लावला, हँडल सरळ केलं, घंटी वाजवली. फोटोत होता तसाच! मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की गाडीचं मी विसरूनच गेलो.

दुसऱ्या दिवशी बाबा निघाले. फाटकाबाहेर पडले आणि सायकल डावीकडे... उजवीकडे... परत डावीकडे, बाबांनी एक पाय टेकला, सावरले, पुन्हा बसले, वळणावर पायाची बोटं मडगार्डला अडकली, आणि कुंपणावर टेकून उभे राहिले. मी धावलो. ते हसले, म्हणाले आज जरा झोप झाली नव्हती. पण त्याच्या पुढच्या दिवशी तेच, त्याच्याही पुढच्या दिवशी तेच! मग काय, घरात बैठक. ताई आली, तिने बाबांना एका रेषेत चालून दाखवायला लावलं. डॉक्टर म्हणाले तोल कानात असतो, या वयात कान दगा देतात, गोळ्या लिहून दिल्या. ताईने काठी आणली, रबरी टोकाची. बाबांनी काठी बघितली. सायकलच्या कुलपाची किल्ली खिशातून काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले,

“वय झालं रे माझं.”

आणि मी... मी काय म्हणावं? हे मला सांगताना आत्तासुद्धा कसंतरी होतंय. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या समजूतदारपणे म्हटलं,

“होतं हो बाबा, वयाने होतं असं.”

बुद्धिबळ बंद झालं. काठी टेकत चार गल्ल्या त्यांना होईनात, गाडीतून सोडतो म्हटलं तर नको, मित्राला काठी दिसेल. खिडकीत बसायचे. घोडा नाही, हत्ती नाही, गप्प. आणि मग जाहीर केलं की रविवारी भंगारवाल्याला बोलवा, सायकल उगाच जागा अडवते.

शनिवारी मी त्यांच्या गोळ्या आणायला गेलो. औषधाच्या दुकानात ही गर्दी, म्हणून बाहेर उभा राहिलो, समोर सायकली लावलेल्या. सहज नजर गेली. पहिल्या सायकलचा चिमटा पुढे वळलेला. म्हटलं, काय लोक असतात, उलटा बसवलाय! दुसरीचाही पुढे. तिसरीचाही पुढे. एक पोस्टमन आला, त्याचाही पुढे. मी मनात म्हटलं, अख्ख्या गावात एकालाही चिमटा बसवता येत नाही की काय... आणि मग हळूहळू, तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीन सरकली. खिशातून फोन काढला, फोटो बघितला. फोटो कधी काढलेला? ठोकल्यानंतर! फोटोत चिमटा मागे का? कारण मीच तो गाडीने मागे दाबला होता! म्हणजे मी अपघात झालेला चिमटा बघून नवा चिमटा अगदी तंतोतंत अपघातासारखा बसवला होता. दोष माझ्या हाताचा, आणि गोळ्या खातायत बाबांचे कान!

घरी आलो, ताईपण होती, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाबा, तुमचा तोल ठणठणीत आहे, चिमटा मी उलटा बसवलाय. गाडीचं मात्र... गाडीचं तेवढं राहून गेलं. आणि काय झालं असेल? ताईच्या डोळ्यांत पाणी! बायको म्हणाली, अहो, बाबांचं मन राखायला तुम्ही स्वतःवर घेताय. बाबांनी तर पाठ थोपटली, म्हणाले, राहू दे, तू म्हणालास यातच सगळं आलं. अहो, खरं बोललो तर श्रावणबाळ ठरलो! म्हटलं थांबा, दाखवतोच. चवताळून सायकल काढली, बसलो, आणि तुमच्या डोळ्यांसमोर येऊ द्या... डावीकडे, उजवीकडे, बोटं मडगार्डला, आणि मी सरळ कुंपणाच्या तारेत. तिथे पडल्या पडल्या वर बघून ओरडलो, बघितलंत? पटलं ना आता?

ताईने तोंडावर हात ठेवला, बायकोकडे बघितलं, आणि बारीक आवाजात म्हणाली, आनुवंशिक दिसतंय.

डॉक्टरांनी त्याच गोळ्या दिल्या. चिठ्ठीसुद्धा नवी नाही, बाबांचीच पुढे वाढवली.

दुपारी पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत मी सायकल परत खोलायला बसलो. बाबा स्टूल घेऊन शेजारी येऊन बसले. मी पाण्याच्या टाकीमागे लपवलेला जुना चिमटा आणला, फोन काढून फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला. एरवी सायकलवर नुसता बसणारा, तिच्या भागांकडे ढुंकूनही न बघणारा हा माणूस, पण चिमटा हातात घेतला आणि शिवणीवरून फिरवावा तसा अंगठा त्याच्या बाकावरून सावकाश फिरवला.

“हा वाकला कशाने?”

आता कुठे पळणार? सांगितलं. गाडी, आरसा, फोन, सगळं. बाबांनी चष्मा काढून पुसला. मी पाना हातात धरून बसलो होतो, आणि मला अगदी लहानपणी कात्री मोडली होती तेव्हासारखं वाटत होतं.

“आटलेल्या सदऱ्यावरून माप घेतलंस,” एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, “मी किल्ली दिली, तेव्हा मात्र घेतलीस.”

मी चिमटा सरळ बसवला, पुढे वळवून.

रविवारी भंगारवाला आला आणि जुना चिमटा आणि काठी घेऊन गेला. बाबा सायकलवर बसले आणि फाटकातून असे गेले, सुतासारखे सरळ, घंटी वाजवत, वळणावर हातसुद्धा केला. आले ते डाव हरून, संतापलेले! घरात आनंदीआनंद. ताईचा फोन, बघितलंस, गोळ्या किती लागू पडल्या? बाबांना पडल्या, आता तूही नेमाने घे, मध्येच सोडायच्या नाहीत. मी बाबांकडे बघितलं. म्हटलं, एका शब्दाने सुटतो मी. एकच शब्द, बाबा, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. पण त्यांनी चिमट्याचं ताईला सांगितलं नाही, आणि गाडीचंही कुणाला नाही.

आता रोज सकाळी निघायच्या आधी, टोपी घालून, किल्ली खिशात टाकून ते माझ्यासमोर उभे राहतात, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळी. मी गिळेपर्यंत हलत नाहीत. आणि मी तोंड वाकडं केलं की माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणतात,

“होतं रे, वयाने होतं असं.”

घेतो मुकाट्याने. कडू आहे हो... पण माप माझंच आहे.